शालन, पिशवी ठेवू की काढू?

शालन,

तुझं घर आणि माझं घर, दोन्ही पाण्याला भ्यायलेली घरं. पुराला नव्हे. आपल्या भागात पूर कुठला? प्यायच्या पाण्याला. घोडेगावच्या बाजारापासून आत आमचं कोरडं गाव, आणि गावात आमच्या वस्तीसाठी एक वेगळी बारव. पायऱ्या उतरायच्या, गुडघाभर पाण्यात शिरायचं आणि घागर बुडवायची. तिचा गाळ काढायला गावातलं कुणी कधी आलं नाही. त्या पाण्यानं माझ्या बापाच्या पोटरीत नारू घातला. ऐन बाजरीच्या काढणीत फोड फुटला आणि पांढरा दोरा बाहेर आला. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सडायचा. बाप उंबऱ्याशी पाय पसरून बसला आणि आई एकटी लोकांच्या रानात गेली. त्या सुगीत आम्ही पोरांनी भाकरीवाचून नुसती अंबाडी उकडून खाल्ली. बापाला रडताना मी तेव्हा पाहिलं. दुखलं म्हणून नाही. आईच्या डोक्यावर भारा चढवायला त्याला उठता येईना, म्हणून.

तुझ्या माहेरी तीच तऱ्हा. तुझ्या डाव्या घोट्यावर वण होता, चिंचोक्याएवढा. लहानपणी तुझ्याही पायातून तो दोरा निघालेला. तू तो वण साडीखाली झाकायचीस, आणि मला मात्र मुद्दाम दाखवायचीस, भांडण हरायची वेळ आली की.

पुढं आरोग्य खात्याची माणसं आली. घागरीच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधून दाखवलं. पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसेल असा एक जीव असतो, त्याच्या पोटात नारूचं बी असतं, तो फडक्यावर अडकला की माणूस वाचला. एवढंच. आमच्या घरात त्यानंतर त्या फडक्याइतका मान कुणालाच राहिला नाही. मी तुला बघायला आलो तेव्हा आईनं स्वयंपाकाचं विचारलं नाही, शिवणकामाचं विचारलं नाही.

"पोरी, पानी कशातनं गाळतीस?"

तुझा मामा हसायला लागला. तू मान वर केलीस.

"दुहेरी फडक्यातनं. आन् फडकं उलटं न्हाई करत. घाणीची बाजू वरच ऱ्हाती."

आई माझ्याकडं वळून म्हणाली, "हीच." मला कुणी काही विचारलंच नाही.

हे सगळं लिहायचं कारण, शालन, की आपलं सगळ्यात मोठं भांडण एका फडक्यावरून झालं, ते अर्धवट राहिलं, आणि आता ते पुरं करायला तू नाहीस. जलदान विधी होऊन गेला. पाहुणे गेले. पाटावर तुझा फोटो आहे. तुझी आई स्वयंपाकघरात बसली आहे आणि मी आपल्या काचेच्या टाकीसमोर. लोक म्हणतात, लिही काहीतरी तिच्यावर. तुझ्यावर काय लिहू? तुझ्याशीच बोलतो.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी कुणालाही सांगतो, तुला तर दिवसाआड सांगत होतो. बी.एस्सी., प्राणिशास्त्र. पण समुद्रातले जीव मी बरणीत पाहिले होते, औषधात बुडालेले, पांढरे पडलेले. त्यांची चित्रं काढून पास झालो. एकदा कॉलेजची सहल कोकणात गेली आणि ओहोटीला खडकातल्या डबक्यात मी त्यांतला एक किडा जिवंत पाहिला. मऊ नळीत राहणारा, नळीच्या तोंडाशी पिसारा उघडून बसलेला. सावली पडली की एका झटक्यात आत, थोड्या वेळानं पुन्हा बाहेर. तेव्हा ठरवलं, हा घरी पाळायचा. कसा, ते ठाऊक नव्हतं.

नगरला, नागापूरच्या कारखान्यात नोकरी लागली, तुझ्याशी लग्न झालं, आणि पुढच्या खोलीत आपण गोड्या पाण्यातल्या माशांचं दुकान काढलं. दिवसभर दुकान तुझ्याकडं, संध्याकाळपासून माझ्याकडं. "बी.एस्सी. झालेला नवरा मिळाला म्हनून गाव जेवलं," तू गिऱ्हाइकांसमोर म्हणायचीस, "आन् त्यो मासं इकतो." मग मी समुद्राची टाकी मांडायला काढली. साऱ्या नगरला हसायला विषय झाला. इथं आठवड्यातून दोनदा नळ येतो आणि हा गडी समुद्र आणतोय! मुंबईला भाजी पोचवून रिकामा परतणारा टेम्पो आपल्या इस्माईलभाईचा. तो येताना समुद्राचं पाणी कॅनमधून आणायला लागला. मुंबईहूनच जिवंत पोवळ्यांचे दगड आणले, आणि त्यांतल्या एकावर, नशीब बघ, तो पिसाऱ्याचा किडा.

तू त्याच्याकडं पाहिलंस आणि दोन पावलं मागं सरलीस.

"ह्यो किडा हाय?"

"किडा आहे. पण बघ तरी, काय देखणा आहे."

"नळीतनं पांढरं निघतंय, अवो. मला नका सांगू देखणा." आणि तू पाय साडीखाली ओढून घेतलास.

त्याच दिवशी तू पिशवी शिवलीस. वरच्या टाकीतलं पाणी नळीनं खालच्या टाकीत पडतं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. त्या नळीच्या तोंडाला बांधायची लांबट पिशवी, म्हणजे पडणारं पाणी गाळून पडेल. मी इंग्रजी मासिकात तिचं चित्र पाहिलं होतं. ते लोक तिला मोजा म्हणतात, असं मी सांगितलं.

"पाय न्हाई आन् मोजा?" तू म्हणालीस. "पिशवीला पिशवी म्हना की."

पहिली पिशवी माझ्या टेरिकॉटच्या पॅन्टची. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला घातलेली पॅन्ट, जपून ठेवलेली, तू मला न विचारता तिची एक तंगडी कापलीस. तीही दुहेरी केलीस. पाणी तिच्यातून जाईना, कडेनं उतू गेलं आणि दुकानभर समुद्र झाला. मग लग्नात आलेली नायलॉनची पोपटी साडी फाडलीस. ती बरोबर जमली. चार-सहा पिशव्या शिवून ठेवल्यास. एक टाकीत, बाकीच्या दोरीवर.

इथून आपलं जुंपलं.

माझं म्हणणं तुला पाठ होतं, तरी पुन्हा लिहितो. समुद्राचं पाणी म्हणजे पातळ कालवण आहे. त्यात तरंगणारे बारीक जीव, गाळाचे कण, हेच पोवळ्यांचं आणि त्या किड्याचं जेवण. पिशवी लावली की पाणी आरशासारखं होतं आणि टाकीतले जीव उपाशी मरतात. शिवाय पिशवीत अडकलेली घाण तिथंच कुजते आणि तिचं विष पाण्यातच उतरतं. तुझं म्हणणं सोपं होतं. घाण ती घाण. पोवळ्यांवर गाळ बसतो, ती मिटून घेतात, हे तू दिवसभर बघत होतीस आणि मी कारखान्यात असायचो.

एकदा मी कॉलेजातलं ज्ञान पाजळलं. म्हटलं, "शालन, बारवेतल्या ज्या बारीक जिवाच्या पोटात नारू असतो ना, त्याचेच भाऊबंद समुद्रात असतात. तेच या पोवळ्यांचं अन्न. तू फडक्यानं नेमके तेच अडवतेस."

तू हातातली पिशवी खाली ठेवलीस.

"म्हंजी आपल्या घरात नारूचं पाव्हनं पाळायचं म्हना."

"हे वेगळे. हे माणसाला काही करत नाहीत."

"तुमच्या पायातनं निघालेला न्हाई, म्हनून लई कौतुक हाय." आणि वण दाखवलास.

मग रोजचा परिपाठ पडला. मी कामावर गेलो की तू पिशवी बांधायचीस. मी संध्याकाळी आलो, चप्पल काढली, की पहिलं काम पिशवी सोडायचं. सकाळी माझी पाठ वळली की पिशवी पुन्हा जागेवर. मी ती धुताना उलटी केली तर तू हातातून हिसकावून घ्यायचीस. इस्माईलभाई कॅन उतरवताना विचारायचा, "क्यों भाभी, आज किसका राज?" तू म्हणायचीस, "दिवसा माजं."

आणि तरी, लाईट गेली की पंप बंद पडायचा, तेव्हा प्लॅस्टिकचा मग घेऊन उंचावरून पाणी ओतत कोण उभं राहायचं? तू. त्या किड्यासाठी. एकदा मी अवचित लवकर आलो तर तू टाकीला नाक लावून त्याला सांगत होतीस, "निघ भाईर, माझी सावली न्हाई पडत आता." मला बघून म्हणालीस, "मी काच पुसत हुते."

भांडणातलं माझं एक वाक्य मला आता घशाखाली उतरत नाही. मी म्हणालो होतो, "फडक्यानं अडतं तेवढंच अडतं, शालन. फडक्यातून पार जाणारंही असतं." तू गप्प झालीस आणि मी जिंकलो.

उन्हाळ्यात तुझ्या माहेरी लग्न होतं. मांडवात टँकरचं पाणी, पत्र्याच्या पिंपात. तुझी आई सांगते, सगळे तसंच पीत होते, तू एकटी पेल्यावर पदर दुहेरी धरून प्यायलीस. पोरींनी चेष्टा केली तरी. तू तुझं काम चोख केलंस. पण काविळीचं जे काही असतं ते पदरात अडकत नाही. त्या लग्नातली आणखी माणसं पिवळी झाली, पथ्य करून बरी झाली. तू झाली नाहीस, कारण तू एकटी नव्हतीस. डॉक्टर म्हणाले, दिवस गेलेल्या बाईला ही कावीळ फार वाईट. याहून जास्त त्याबद्दल मला लिहिता येत नाही. त्याचं, किंवा तिचं, नाव आपण ठरवलं नव्हतं.

माझं वाक्य बरोबर होतं. शास्त्रानं बरोबर होतं. बरोबर असण्याचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

दवाखान्यात तुझे डोळे हळदीसारखे झालेले. तरी तू विचारलंस, "फडकं धुतलं का?"

"काढून ठेवलंय," मी म्हटलं.

हसलीस. ओठ सुकलेले, तरी हसलीस. "मी न्हाई म्हटल्यावर लगीच राज घेतलं."

"तू घरी ये, मग बांध."

"त्यो किडा खुश असंल." मग डोळे मिटलेस. थोड्या वेळानं, मिटलेल्या डोळ्यांनीच, "पर गाळ बसंल, अवो." त्यानंतर तू जे बोललीस ते मला समजेल असं नव्हतं. तुझी शुद्ध हरपत गेली. म्हणजे आपलं शेवटचं बोलणं, नवराबायकोचं, हे एवढंच. गाळ बसेल.

गाळ बसला, शालन. तुला नेलं, आणलं, पोचवलं. त्यात टाकीकडं कोण बघणार? पिशवी नाही, लाईट जात-येत होती, पाणी ताकासारखं झालं. जलदान विधीच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं. वंदना झाली, दोघे-तिघे तुझ्याबद्दल बोलले, सगळे जेवायला बसले. मी पुढच्या खोलीत आलो तर तुझी आई टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभी.

"आई, काय करताय?"

"तुरटी फिरवतीय, जावईबापू. लई गढूळ झालं हुतं. माझ्या लेकीचं पानी गढूळ कसं ठिवू?"

तिच्या मुठीत तुरटीचा खडा होता, झिजून सुपारीएवढा झालेला. तिनं आयुष्यभर रांजणात फिरवला तसाच फिरवला होता, प्रेमानं, गोल गोल. पाण्यात पांढरे कापसाचे तुकडे तरंगत होते. ते पोवळ्यांवर उतरत होते. पोवळी मिटली. आणि माझ्या देखत त्या किड्याचा पिसारा नळीपासून सुटला आणि तळाला जाऊन पडला.

तुझ्या आईला काय बोलणार होतो मी? तुला पाणी गाळायला तिनंच शिकवलं. मी तिथंच फरशीवर बसलो आणि मला रडू फुटलं. तू गेलीस तेव्हा मी रडलो नव्हतो. कोरडा उभा होतो. आता आवरेना. माणसं ताटावरून उठून आली, कुणी पाठीवर हात ठेवला, म्हणाले, रडू दे, बायकोसाठी रडतोय. मी किड्यासाठी रडत होतो. किंवा नव्हतो. कुणासाठी रडत होतो ते मला आजही सांगता येत नाही. घरात तुझ्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं, आणि तेही माझ्या डोळ्यांदेखत मोडलं.

मग मी उठलो आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातानं तुझी पिशवी बांधली.

दुहेरी. एकीत एक घालून. ते पांढरे तुकडे दुसऱ्या कशानं निघणार नव्हते. पिशवी बघता बघता भरली, चिकट झाली. सोडली, दुसरी बांधली. तुझी आई काही न विचारता पहिली घेऊन मोरीत गेली. मी मागून ओरडलो, "साबण नको, आई!"

"म्हायती हाय. शालीनं सांगितलं हुतं." मग हळूच, "माझ्यानं इपरीत झालं का काय?"

"नाही, आई."

"खोटं नगा बोलू. तुमी शिकलेली मानसं खोटं बोलताना वर बघता."

ती गावी परत गेलीच नाही. मोरीत बसून पोपटी पिशव्या धूत राहिली. इस्माईलभाई भेटायला आला तेव्हा फुलं-बिलं न आणता कॅन भरून घेऊन आला. म्हणाला, "भाभी को यही पसंद था." दारात उभा राहून त्यानं डोळे पुसले आणि कॅन आत ओढले. जुनं पाणी थोडं थोडं काढून नवं घातलं. टाकी निवळली. इतकी निवळली की मागं पाटावर ठेवलेला तुझा फोटो काचेतून आरपार दिसायला लागला. आणि नळीचं तोंड रिकामं. आत किडा जिवंत आहे की कुजतोय, कळायला मार्ग नाही.

त्यानंतर कित्येक दिवस मी टाकीसमोर बसून तुला विचारत होतो. सांग. पिशवी ठेवू की काढू? ठेवली तर पाणी स्वच्छ, पण आत तो जिवंत असेल तर नवा पिसारा फुटायला त्याला खायला काय मिळेल? काढली तर दगडांच्या फटीतले तुरटीचे कण पुन्हा उठून त्याच्या नळीत जातील. एकेक दिवस मी नुसता हात घालून उभा राहायचो, गाठ धरून. सोडवेना, बांधवेना. नोकरीवर जावंसं वाटेना. मला बी.एस्सी. असून याचं उत्तर येईना, आणि ज्या माणसाशी वाद घालून उत्तर काढायचं ते माणूस मी जाळून आलो होतो.

दोन्ही बाजू मलाच बोलाव्या लागायच्या. "शालन, त्याला भूक लागली असेल." "अवो, गाळ बसंल." तुझ्या बाजूनं बोलताना मी पहिल्यांदा तुझी बाजू नीट ऐकली. ती भीती नव्हती नुसती. तू दिवसभर बघत होतीस, तेवढंच बोलत होतीस.

असाच एका सकाळी बोलत बसलो असताना तुझी आई चहा घेऊन आली. म्हणाली, "पयल्यांदा कसं करत हुता तुमी? पिशवी हुती का नव्हती?"

"दिवसा होती. संध्याकाळी नव्हती."

"मंग जगत हुतं न्हवं समदं?"

जगत होतं, शालन. त्या सगळ्या काळात पोवळं एकही मेलं नव्हतं. दिवसा तू गाळ उचलत होतीस, संध्याकाळपासून मी त्यांना जेवू घालत होतो. पिशवी कुजायच्या आत मी सोडत होतो, गाळ बसायच्या आत तू बांधत होतीस. आपल्याला वाटत होतं आपण एकमेकांचं काम मोडतोय. ती टाकी आपल्या भांडणावर जगत होती. आणि हे आपल्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. तुला तर आता कळणारही नाही. हे तुला सांगायचं होतं, तोंडावर, आणि तू काय टोमणा मारला असतास तो ऐकायचा होता. त्याची जागा कशानं भरायची, ते मला माहीत नाही. भरणार नाही.

मी कामावर जायला लागलो. जाताना पिशवी बांधतो, घाणीची बाजू आत, तू सांगितलेली. परत आल्यावर चप्पल काढतो आणि सोडतो. बांधताना तुझ्यासारखा पुटपुटतो, सोडताना माझ्यासारखा. तुझी आई दोरीवर पिशव्या वाळत घालते. घर तेवढा वेळ घरासारखं वाटतं आणि मग पुन्हा वाटत नाही. वणाचा तो घोटा, "अवो" म्हणायची ती पद्धत, जे नाव ठरवायचं राहिलं ते नाव, हे सगळं सारखं वर येतं, आणि ते अडवणारं फडकं मी कुठून आणू?

एवढं मात्र झालं. आज किड्याला नवा पिसारा फुटला. आधीच्यापेक्षा लहान आहे, रंगानं फिका आहे, पण पुरा उघडतो. पोवळी उघडली आहेत. नगरमधली समुद्राची टाकी जगली.